सोमवारी दुकान बंद

मंगळवार, ३ मार्च

पोचलो. बस गावाच्या तोंडाशीच सोडून देते, पुढचा चढ बॅग ओढत चढावा लागला. बायकोचं दुकान कुठे आहे हे कुणाला विचारावं लागलं नाही. भाजलेल्या पावाचा वास रस्ताभर पसरला होता, त्याच्या मागे मागे गेलो.

दुकान मी समजत होतो त्यापेक्षा बरं आहे. समोर लाकडी फळ्यांवर गोल पाव, लांब पाव, बिया लावलेले पाव उभे करून ठेवलेत. डाव्या हाताला काचेच्या कपाटात चीज, ऑलिव्ह, मुरंबे, मध, तेलात बुडवलेल्या टोमॅटोच्या बरण्या. मागे भट्टी. धुराडं किंचित कललंय आणि मागच्या भिंतीला खालून ओल चढलीय. सारा जन्म नगरपालिकेत इमारती तपासण्यात गेला, त्यामुळे मला या गोष्टी आधी दिसतात.

ही पिठाने माखलेल्या हातांनी बाहेर आली.

"अहो, तुम्ही? कळवलं असतं तर..."

"तर काय?"

"वरची खोली रिकामी करून ठेवली असती. खोके आहेत सगळे तिथे."

म्हणजे माझ्या राहण्याचा विचार तिच्या मनात आधी आला. हे लक्षण चांगलं समजतो.

येण्याचं कारण एकच आहे, ते सरळ लिहून ठेवतो. हिला घरी न्यायचं आहे. मी निवृत्त झालो आणि महिन्याभरात ही मैत्रिणीबरोबर इथे दुकान काढायला निघाली. मी म्हटलं, जा, हौस फिटली की ये. त्याला आता वर्ष होत आलं. शेजाऱ्यांना सांगितलंय की ती लेकीकडे गेलीय. पण मधे लेक एकटीच येऊन राहून गेली, तेव्हापासून शेजारी काही विचारत नाहीत. विचारत नाहीत तेच जास्त लागतं. निघताना समोरच्यांना मुद्दाम सांगून आलोय की येताना दोघं येऊ. आता हात हलवत परत गेलो तर जिन्यात तोंड दाखवायची सोय नाही.

शिवाय घर खायला उठतं. तेही लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचणार आहे.

बुधवार, ४ मार्च

जाग आली तेव्हा खाली काम निम्मं उरकलं होतं. इथली पद्धत अशी की पहिली खेप भट्टीतून निघाली की त्यातला एक पाव मधोमध चिरायचा आणि आतली भोकाभोकांची जाळी बघायची. जाळी मनासारखी पडली तर पुढची खेप तशीच लावायची, नाहीतर भट्टी कमी-जास्त करायची. हा चिरलेला पाव विकत नाहीत.

आज तो पाव हिने माझ्यापुढे ठेवला. "खा गरम आहे तोवर." बाहेर एवढं गिऱ्हाईक ताटकळत असताना पहिला पाव मला. मी बरं वाटून घेतलं. तेवढ्यात तिची भागीदार म्हणाली, "एरवी तो शेजारच्या कोंबड्यांना जातो भावजी. आज त्यांचा उपास." ही बाई चीज आणि मुरंब्यांची बाजू सांभाळते. मी मनातल्या मनात तिला चीजवाली म्हणतो. चेष्टेखोर आहे, पण कामाला वाघ.

मदत करावी म्हणून गल्ल्यामागे जाऊन उभा राहिलो, तर रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "अहो काका, रांगेत या ना." मी म्हटलं, मी मालकिणीचा नवरा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हिला विचारलं, "हो का?" हीसुद्धा क्षणभर थांबलीच. मग म्हणाली, "हो, पाहुणे आलेत." रांग हसली. मीही हसलो, तिथे दुसरं काय करणार.

दुपारी जरा सामसूम झाल्यावर विचारलं, "मग घरी कधी यायचं म्हणतेस?"

"आत्ता नको हो, भट्टी तापलीय."

भट्टी तर सदाच तापलेली असते. निवल्यावर विचारू.

शुक्रवार, ६ मार्च

ओल चढलेल्या भिंतीबद्दल तिला सविस्तर समजावून सांगितलं. प्लास्टर कुठवर खरवडायचं, पाणी कुठून येतंय, सगळं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "हो, आम्ही गवंड्याला सांगितलंय. पुढच्या महिन्यात येतोय."

आम्ही म्हणजे ती आणि चीजवाली. आमच्या घरी गवंडी, प्लंबर, रंगारी सगळं मी बघायचो. हिला नळाचा वायसर कुठे मिळतो हेसुद्धा ठाऊक नव्हतं. निदान मला तसं वाटायचं.

पोस्टातल्या बाई रोज दुपारी पाव न्यायला येतात आणि अर्धा तास गप्पा मारून जातात. आज त्यांनी कसलासा किस्सा सांगितला आणि ही अशी हसली की टेबलाला धरून उभी राहिली, डोळ्यांतून पाणी. मी जिन्यात होतो, तिथेच थांबलो. आमच्याकडे ही अशी हसल्याचं मला आठवत नाही. गिऱ्हाइकांपुढे हसावं लागत असेल. धंदा म्हटला की ते आलंच.

पण पोस्टातल्या बाई तर पाव घेऊन बाहेर पडल्या होत्या, आणि ही मागे एकटीच पीठ चाळताना अजून हसत होती.

रविवार, ८ मार्च

आज सकाळपासून मन थाऱ्यावर नाही. पाच-सहा दिवस झाले आणि एक धड बोलणं नाही. वाईट वागत नाही ती, तक्रारीला जागाच ठेवत नाही. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, रात्री गार पडतं म्हणून आणखी एक पांघरूण. लग्नाला आलेल्या लांबच्या काकांची ठेवावी तशी माझी बडदास्त आहे.

लेकीचा फोन आला.

"बाबा, किती दिवस राहणार आहात?"

"आईला घेऊनच येणार."

ती म्हणाली, "मी काय सांगते ऐका. तिला तुम्ही काही सांगू नका, समजावू नका. हाताने काहीतरी करा. आयुष्यात एक कप विसळला नाहीत तुम्ही बाबा."

हे जरा जास्तच झालं. एक कप विसळला असेन. पण मुद्दा पटला. आपण बदललोय हे बोलून कसं दाखवणार, करूनच दाखवायला हवं. उद्या सोमवार, दुकान बंद. ही आणि चीजवाली चीज आणायला लांबच्या गोठ्यावर जाणार आहेत, संध्याकाळी परततील. दिवसभर मी एकटा. मनात एक बेत आहे. इतक्या दिवसांनी आज भूक लागल्यासारखी लागली.

सोमवार, ९ मार्च

दुपार. हात सोलवटलेत, कंबर धरलीय, पण मन खूश आहे. मागचं अख्खं स्वयंपाकघर धुऊन काढलं. फळ्या पुसल्या, पाव ठेवायच्या वेताच्या टोपल्या उन्हात टाकल्या, भट्टीसमोरची काजळी खरवडली, मोरी फिनेलने घासली. पिठाचे डबे रिकामे न करता बाहेरून पुसले, उगाच आगाऊपणा नको.

भांडी तर एकूण एक घासली. कोपऱ्यातल्या फळीवर एक मोठी काचेची बरणी होती, तिच्यात कसलंतरी चिकट पांढरं लगदा झालेलं, वर करडं पाणी सुटलेलं, आणि आंबूस वास असा की नाक धरावं. वर कापड बांधून ठेवलेलं. फ्रिजमध्ये त्याचाच एक लहान भाऊ सापडला. बायकांना काही टाकवत नाही, नासलं तरी राहू दे म्हणतात. दोन्ही मोरीत ओतल्या, ब्रश आत घालून गरम पाण्याने तीन वेळा घासल्या. आता उन्हात पालथ्या घातल्यात. चकाकताहेत नुसत्या.

ती आली की काय म्हणेल याचाच विचार करतोय. काही म्हणणार नाही, तिचा स्वभाव नाही. पण बघेल.

रात्री जेवणानंतर. लिहायला बसलोय, पण काय लिहू कळत नाही.

दोघी आल्या. चीजवाली दारातच म्हणाली, "अगं बाई, आपलंच दुकान ना हे?" ही आत आली, सगळीकडे बघून हसली. खरंच हसली. म्हणाली, "एवढं सगळं तुम्ही केलंत?" मग तिची नजर त्या कोपऱ्यातल्या फळीवर गेली. मग खिडकीतल्या पालथ्या बरण्यांवर. जवळ जाऊन तिने मोठी बरणी उचलली, आत बोट फिरवलं. एक कण नव्हता. ती पिठाच्या पोत्यावर बसली, बरणी मांडीवर घेऊन.

चीजवालीने विचारलं, "फ्रिजमधलीपण?"

मी म्हटलं, "दोन्हीतलं नासलं होतं."

"भावजी, ते आंबवण होतं. पाव त्याच्यावर फुगतो. दुकान त्याच्यावर चालतं." तिचा आवाज चढला होता. "दही लावायला विरजण लागतं ना, तसं. रोज त्याला पीठपाणी घालून जगवायचं असतं. आज सुट्टी म्हणून उपाशी होतं, त्याचं ते पाणी."

ही म्हणाली, "राहू दे गं. त्यांना काय माहीत." आणि उठून पायात चपला सरकवून बाहेर गेली.

मला वाटलं, रडायला गेली. मागे जावं का, असं मनात घोळवत बसलो. थोड्या वेळात परत आली ती हातात मुरंब्याची जुनी बाटली घेऊन. आत तळाला तसलाच पांढरा लगदा. पोस्टातल्या बाईंना मागे कधीतरी हिने चमचाभर दिलं होतं, त्या घरी पाव करतात. त्यातलंच अर्धं परत आणलं. दोघींनी मिळून ते बरणीत घातलं, पीठ घातलं, पाणी घातलं, हाताने कालवलं. मी उभा होतो. मग मला म्हणाली, "तुम्ही झोपा आता, दमला असाल."

मंगळवार, १० मार्च

दारावर पाटी लावली आहे, "आज पाव नाही". आंबवण पुन्हा जोमात यायला दोन दिवस लागतील म्हणे. लोक येतात, पाटी वाचतात, चीज किंवा मुरंबा घेऊन जातात. कुणी चिडत नाही. उलट दोघं-तिघं आपापल्या घरून बाटल्या घेऊन आले, "आमच्याकडे आहे हो थोडं, चालेल का?" हिने गावात बऱ्याच जणांना दिलंय असं दिसतं. मी जिन्यात बसून होतो. मला कुणी काही बोललं नाही. सगळ्यांना माहीत असणार.

दुपारी चीजवाली बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवत बसली होती. कालचा राग गेला होता. तिला म्हटलं, माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं. ती म्हणाली, "होतं हो भावजी, भरून निघेल. पण तुम्ही ती बरणी ओळखली कशी नाहीत याचं मला नवल वाटतं."

"मी कशी ओळखणार?"

"तुमच्याच घरून आणलीय ना ती. ओट्यावरच्या खिडकीत असायची. किती वर्षं झाली, तिकडेच तर त्या शिकल्या पाव करायला. इथे आल्या त्या दिवशी गाडीत मांडीवर धरून बसल्या होत्या."

मी म्हटलं, मला कधी सांगितलं नाही.

"रोज सांगायच्या म्हणे. दिवा मालवताना म्हणायच्या, आंबवणाला खायला घातलं. आणि तुम्ही बरं म्हणायचात."

हे खरं आहे. ती रोज काहीतरी म्हणायची आणि मी बरं म्हणायचो. मला वाटायचं, दुसऱ्या दिवशीचं काहीतरी भिजत घातलं असेल.

दुपारभर वरच्या खोलीत पडून मी आमची ओट्यावरची खिडकी आठवत होतो. खिडकी लख्ख आठवते. ॲल्युमिनियमची चौकट, उजवीकडची झडप खाली घासते, पट्टीचा उतार चुकून आतल्या बाजूला काढलाय, कंत्राटदाराशी त्यावरून भांडलो होतो. बाहेर समोरच्या इमारतीचा पाइप. हे सगळं दिसतं. बरणी दिसत नाही. पुन्हा पुन्हा बघितलं, तिथे बरणी नाहीच. मला एकाएकी इतकी भीती वाटली की उठून बसलो.

बुधवार, ११ मार्च

आज सरळ विचारलं. ती कणकेचे गोळे तोलत होती, उद्या पुन्हा पाव लावायचे म्हणून. चीजवाली बाहेर होती.

म्हटलं, "माझं चुकलं. तू रागावली असशील."

"नाही हो."

"रागाव ना. मला बरं वाटेल."

तिने हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदाच असं नीट. म्हणाली, "घरी असते ना, तर तुम्हाला फाडून खाल्लं असतं. आठ दिवस तोंड फुगवून बसले असते. तुमची पावलं वाजली की भांडी आपटली असती. मलाही वाटलं होतं, आता येईल राग. पण बरणी रिकामी दिसली आणि मनात आलं, पोस्टातल्या बाईंकडे असेल. तेवढंच. तुमचा विचारच आला नाही."

"मग घरी येतेस?"

"अहो, मी तेच सांगतेय तुम्हाला."

तेवढ्यात दूधवाला आला आणि बोलणं तिथेच राहिलं.

यावर मी बराच विचार केला. तिच्या मनात माझ्याबद्दल राग नाही, हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. म्हणजे माफ केलंय. येण्याबद्दल नक्की हो म्हणाली नाही, पण नाहीसुद्धा म्हणाली नाही. उन्हाळ्यात धंदा मंदावतो असं चीजवाली सांगत होती. तेव्हा थोडे दिवस का होईना, येऊ शकेल. आता फार मागे लागू नये. उद्या-परवा निघतो.

शुक्रवार, १३ मार्च

निघालो. बसमध्ये लिहितोय, अक्षर हलतंय.

आजचे पाव पहिल्यासारखे झाले. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या, ही लाजली. मला तिने एक मोठा गोल पाव कागदात गुंडाळून दिला. चिरलेला नाही, अख्खा, फळीवरचा. म्हणाली, "पिशवीत कोंडू नका, कवच मऊ पडतं. कापल्यावर कापलेली बाजू फळीवर पालथी ठेवा, चार दिवस टिकेल." सगळ्यांना हेच सांगते ती, मी आठवडाभर ऐकतोय. तरी माझ्याशी बोलताना आवाज वेगळा होता, असं मला वाटलं.

बसपर्यंत आली नाही. दुसरी खेप भट्टीत होती. दारातून म्हणाली, "परत या कधी वाटलं तर. फक्त सोमवारी येऊ नका, सोमवारी बंद असतं."

म्हणजे या म्हणाली. उरलेले सगळे दिवस जाता येईल. चढ उतरताना मी हे दोन-तीनदा मनाशी म्हणून पाहिलं, आणि दर वेळी ते थोडं कमी खरं वाटलं.

रविवार, १५ मार्च

काल जिन्यात समोरच्या बाई भेटल्या. माझ्या मागे पाहिलं, कुणी नाही हे बघून घेतलं आणि म्हणाल्या, "पाणी आज लवकर जाणार आहे हं." भल्या आहेत.

पाव अजून कापला नव्हता. काल हात लावावासा वाटला नाही. आज सकाळी कागद सोडला आणि सुरी शोधायला लागलो. पाव कापायची, दातेरी. ओट्याखालचे खण बघितले, वरची कपाटं बघितली. पुरणयंत्र सापडलं, तीन पक्कडी सापडल्या, लेकीचा लहानपणचा चमचा सापडला. तेवढ्यात लेकीचाच फोन आला.

"आई काय म्हणाली बाबा?"

"पाव दिलाय. पाव कापायची सुरी कुठे असते गं आपल्याकडे?"

"दुसऱ्या खणात, मागच्या बाजूला. लाकडी मुठीची."

"तिथे नाही."

"नीट बघा."

नीट बघितलं. खणाला आत निळा कागद लावलेला आहे, हे मला आज कळलं. कागदावर एका लांब वस्तूची जागा गडद राहिलीय. फोनवर तसं सांगितलं.

लेक हळू आवाजात म्हणाली, "मग आईने नेली असेल बाबा. तिचीच होती ती. मीच तिला वाढदिवसाला दिली होती."

"हो," मी म्हटलं, "नेलीच असेल."

"तुम्ही जेवलात का?"

जेवलो म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. मग ओट्याशी उभं राहून पाव हाताने तोडला. कवच कडक होतं, चुरा सगळीकडे उडाला. आत जाळी सुरेख पडली होती. इतका चांगला पाव मी खाल्लेला नाही, आणि तो इतकी वर्षं याच ओट्यावर होत होता.

ती येणार नाही. ती गेली त्या दिवशीच हे ठरलं होतं, त्याच्याही आधी कधीतरी ठरलं असेल, आणि तेव्हाही तिने मला सांगितलं असेल आणि मी बरं म्हणालो असेन. आज लिहून ठेवतो, कारण उद्या सकाळी मला हे पुन्हा खोटं वाटायला लागेल.